उजेडात या, म्हणणाऱ्या इंगळेबाई

इंगळेबाईंनी माझा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला तो त्यांच्या औषधाच्या दुकानाबाहेर, फुटपाथवर, सकाळी अकराच्या उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या कोथरूडच्या देखत. गालांवरच्या डागांसाठी मी एक ट्यूब मागायला गेले होते. बाईंनी काउंटरची फळी उचलली, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उजेडात या."

मला वाटलं, वयामुळे कमी दिसत असेल. मी निमूट बाहेर गेले. त्यांनी एक बोट माझ्या हनुवटीखाली धरून चेहरा डावीकडे वळवला, मग उजवीकडे. शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री थांबवली. रिक्षा स्टँडवरचे दोघे माझ्याकडे बघायला लागले. दुकान आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर, आणि मी तिथे दुसऱ्या मजल्यावर राहणारी, एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क असलेली, चारचौघांत मान असलेली बाई. तिथल्या तिथे गुप्त व्हावंसं वाटलं.

"वांग आहे," बाई म्हणाल्या. "धाकट्याच्या वेळेपासून ना?"

मी हो म्हटलं.

"आणि हे कोणी दिलं?"

'हे' म्हणजे माझ्या हातातला पुठ्ठ्याचा तुकडा. ही आपल्याकडची जुनी रीत. औषधाचं नाव लक्षात राहत नाही, म्हणून खोक्याची एक बाजू फाडून पर्समध्ये ठेवायची आणि दुकानात गेल्यावर पुढे करायची. हे द्या. डॉक्टर नको, चिठ्ठी नको. एखादी भाजी छान झाली की तिची कृती जशी घरोघर फिरते, तसे हे तुकडे बायकाबायकांत फिरतात. माझ्या हातातला तुकडाही माझा नव्हता. तो माझ्या ऑफिसातल्या प्रियांकाचा होता. प्रियांका हडपसरजवळच्या मांजरी गावची, ऊसवाल्या घरातली, आमच्याकडे कॉम्प्युटरवर फी आणि दाखल्यांची कामं करायची. तिच्या गालांवरचे मुरमांचे काळे डाग दोन महिन्यांत गेले होते आणि चेहरा असा उजळला होता, की अख्खा स्टाफ विचारत होता. सगळ्यांत आधी मीच विचारलं होतं. तिने मोठ्या मनाने खोक्याची कड फाडून दिली होती, ती कित्येक महिने माझ्या पर्समध्येच पडून होती.

बाईंनी तुकडा वाचला, परत दिला नाही. काउंटरमागे खिळ्याला एक लोखंडी तार टांगलेली होती, जुन्या दुकानांत बिलं ओवून ठेवायचे तशी. तिच्यात असे तुकडे खचाखच भरले होते. माझा तुकडा त्यांनी तारेच्या टोकाला खुपसला आणि खाली ओढला.

"ही ट्यूब मी देत नाही. यात स्टेरॉइड आहे. पहिले दोन महिने चेहरा चमकतो, मग कातडी कागदासारखी पातळ होते. लाल शिरा दिसतात, मिशा येतात, आणि ज्या डागांसाठी लावली ते दुप्पट होऊन परत येतात. तुम्हाला सनस्क्रीन देते, आणि डॉक्टरांचं नाव देते. ज्या मुलीने हे दिलं, ती किती दिवस लावतेय?"

"सात-आठ महिने."

बाईंनी तारेवरचा माझा तुकडा आणखी खाली दाबला. मग म्हणाल्या, "तिला घेऊन या." ही विनंती नव्हती.

सुनंदा इंगळे मूळच्या वर्ध्याच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या, नवरा लवकर गेला, दुकान त्यांनी एकटीने चालवलं. "ऊन कशाला म्हणतात ते तुम्हाला पुण्यात कळायचं नाही," असं दर एप्रिलमध्ये ऐकवायच्या. उंच, हडकुळ्या, सुती साडीवर पांढरा कोट. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही गालांवर वांग होतं, फुलपाखराने पंख पसरावेत तसं. त्यावर गिऱ्हाइकं बोलायचीच. एकदा एक बाई माझ्यासमोर म्हणाल्या, "तुमचं स्वतःचं आधी घालवा की." इंगळेबाई शांतपणे म्हणाल्या, "सांभाळलंय म्हणून एवढंच आहे. तुमचं सांभाळलं नाहीत तर माझ्याइतकं व्हायला फार वेळ लागणार नाही."

दुकानात त्यांनी सूचनांची एकही पाटी लावली नव्हती. त्या तोंडाने जे बोलायच्या, त्यापेक्षा पाटी परवडली असती.

त्यांचं म्हणणं साधं होतं आणि ते त्या रोज, न कंटाळता, त्याच शब्दांत सांगायच्या. डाग घासून जात नाहीत, घासल्याने वाढतात. लिंबू भजीवर पिळा, गालावर नको. मुरूम फोडायचा नाही, फोडलात की त्याची खूण वर्षभर सांभाळावी लागते. सनस्क्रीन दोन बोटं भरून लावायची, देवाला गंध लावल्यासारखी टिकली नाही, आणि दुपारी परत लावायची. ढग असले तरी लावायची. ऑफिसात खिडकीपाशी बसता तेव्हाही लावायची. एखादा डाग आकार बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर माझ्याकडे येऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा.

स्कूटरवरच्या पोरींच्या स्कार्फवर त्यांचा खास राग होता. स्कार्फ बांधायला त्यांची ना नव्हती, पण झुळझुळीत कापडाला त्या कापडच मानत नसत. "उन्हाकडे धरून बघ, आरपार दिसतं. मग ऊन काय वाट बदलून जाणार आहे?" म्हणत त्या भर दुकानात पोरीचा स्कार्फ सोडवून घेत आणि ट्यूबलाइटसमोर धरत. स्वतः हेल्मेट घालायच्या, पुण्यात, सक्ती नसताना. यावरूनच बाईंचा स्वभाव ओळखावा.

आमच्या सोसायटीचे चेअरमन जोगकाका. त्यांच्या मानेवर काळा, मखमली पट्टा आला होता. ते दुकानात आले आणि मान घासायला काहीतरी खरखरीत द्या म्हणाले. बाईंनी त्यांनाही उजेडात नेलं. मान पाहिली आणि म्हणाल्या, "हा मळ नाही. उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्या."

"मी तुमच्याकडे साबण मागायला आलोय."

"साबण नाही देत. साखर तपासा."

जोगकाकांनी घरी जाऊन कमिटीला पत्र लिहिलं, की सदर दुकानदार महिला सभासदांचा रस्त्यावर जाहीर अपमान करतात. ते पत्र मी स्वतः वाचलंय, मी तेव्हा सेक्रेटरी होते. सभेत त्यावर चर्चा व्हायच्या आतच काकूंनी त्यांना धरून तपासणीला नेलं. पत्र मागे घेतल्याचं काकांनी कधी कबूल केलं नाही. फक्त महिन्याच्या महिन्याला मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला खाली येऊ लागले, चिठ्ठीसकट.

बाईंच्या आयुष्यात काहीतरी घडलं असणार, कोणाचा तरी चेहरा खराब झालेला त्यांनी जवळून पाहिला असणार, असं मला फार दिवस वाटायचं. एकदा विचारलंही. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मीच काहीतरी विचित्र बोलले होते.

"काही घडलेलं नाही. मी हे शिकलेय, म्हणून करते. त्याला कारण कशाला लागतं?"

तर प्रियांका. मी तिला घेऊन गेले. सोपं गेलं नाही. मे महिन्यात तिचं लग्न ठरलं होतं आणि फेब्रुवारी संपत आला होता. मुलगा कात्रजचा, डेअरीत नोकरीला. दोघांचं क्लासमध्ये जमलं होतं, पण मुलाच्या आईने आधी फोटो मागवला होता, आणि फोटो ट्यूबच्या चमकत्या दिवसांतला होता. आता मात्र चमक ओसरली होती. ट्यूब एक दिवस चुकली की गाल भाजल्यासारखे व्हायचे, म्हणून ती दिवसातून दोनदा लावत होती. ऑफिसात पंख्याखालीसुद्धा चेहऱ्यावर ओला रुमाल ठेवायची. हे रोज माझ्यासमोर होत होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आजही याची लाज वाटते.

बाईंनी तिला उजेडात नेलं आणि बघता बघता त्यांच्या तोंडून वर्धा बाहेर पडलं. फार चिडल्या की असं व्हायचं.

"काय लावून राहिली गं तू तोंडाले?"

प्रियांका रडली नाही. चिडली. "मॅडम, लग्नापर्यंत द्या. लग्न झालं की बंद करते. प्रॉमिस."

"लग्नापर्यंत लावलीस तर लग्नानंतर हा चेहरा कोणाच्याच हातात राहणार नाही. आणि एकदम बंदही करायची नाही, डॉक्टरांच्या हाताखाली उतरवत न्यायची. पहिले काही आठवडे चेहरा पेटेल. आत्ता सुरू केलंस तर लग्नात निदान आग थांबलेली असेल. डाग असतील. डाग असू दे."

"मला डाग नकोत म्हणून तर मी हे सगळं केलं," प्रियांका म्हणाली, आणि स्कार्फ बांधून निघून गेली. चौकापलीकडे दुसरं दुकान होतं. तिथे कोणी कोणाला उजेडात नेत नसे.

मला वाटलं, संपलं. माणसाने किती करायचं? तर रविवारी सकाळी आठला बेल वाजली. दारात इंगळेबाई, हातात दोन हेल्मेटं. "मांजरीचा पत्ता तुम्हाला माहितीये. बसा मागे."

दुसऱ्याच्या घरच्या लग्नात आपण नाक खुपसू नये, हे मी त्यांना कोथरूड ते हडपसर समजावत होते. हेल्मेटमधून त्यांना काही ऐकू गेलं नसावं. ऐकू गेलं असतं तरी उपयोग नव्हता.

प्रियांकाच्या घरासमोर शेणाने सारवलेलं अंगण होतं, पलीकडे ऊस आणि उसाच्या पलीकडे नव्या टॉवरच्या क्रेन. आम्हाला बघून पोरगी आत पळाली. तिच्या आईने, मंदाताईंनी, पाणी दिलं, चहा टाकला. बाईंनी चहा यायच्या आतच सगळं सांगून टाकलं. मंदाताई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

"पन बाई, लगीन तीन महिन्यांवर आलंय," त्या म्हणाल्या. "तिची सासू लई कडक हाय. पोरगी लाल तोंड घेऊन हुबी ऱ्हायली तर मोडतील की हो लगीन."

"तिला बाहेर बोलवा," बाई म्हणाल्या. "आणि तुम्हीही या."

मायलेकी अंगणात आल्या. बाईंनी दोघींना शेजारी शेजारी उन्हात उभं केलं. साडेनऊचं ऊन, काही फार नाही. मंदाताईंच्या गालांवरही वांग होतं, तीन बाळंतपणांचं आणि आयुष्यभर शेतात राबल्याचं. त्या सहज उभ्या होत्या. प्रियांकाने थोडा वेळ दात आवळून धरले. मग तिचे डोळे भरले, मग तिने दोन्ही हात गालांपुढे धरले आणि ओट्यावर सावलीत जाऊन बसली. गाल विस्तवाजवळ धरल्यासारखे लालबुंद झाले होते.

मंदाताई एकदा लेकीकडे बघत होत्या, एकदा उन्हाकडे.

"आपल्याच अंगणात हुबी ऱ्हाईना माझी पोर," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता.

"तुमच्या तोंडावर डाग आहेत, पण कातडी शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "तिचीही होईल. वेळ लागेल. उद्या डॉक्टरांकडे मी घेऊन जाते. आणि मुलाला आजच सांगायचं. लपवून काही करायचं नाही."

प्रियांकाने तिथेच, ओट्यावर बसून, फोन लावला. पलीकडून तो पोरगा काय बोलला ते आम्हाला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. फोन ठेवून ती म्हणाली, "तो म्हणतोय, मी तर तुला पहिले सहा महिने स्कार्फमध्येच बघितलंय." मग रडायचं की हसायचं ते न कळून तिने दोन्ही केलं. परत येताना हडपसरला सिग्नलपाशी बाई म्हणाल्या, "पोरगा बरा आहे."

पुढचे दिवस वाईट होते. चेहरा सुजला, खपल्या धरल्या, काही दिवस तिला हसताही येईना. ज्या स्टाफने 'काय गं उजळलीस' म्हटलं होतं तोच आता 'काय गं झालं हे' विचारू लागला. मी सगळ्यांना झापलं, मुख्यतः स्वतःला झापायचं होतं म्हणून. रोज ऑफिस सुटलं की बसच्या आधी प्रियांका दुकानात जायची. बाई हातातलं गिऱ्हाईक सोडून तिला बाहेर न्यायच्या, बोटाने हनुवटी वर करायच्या. बहुतेक दिवस एवढंच म्हणायच्या, "चालू दे."

एके संध्याकाळी तिने पर्समधून एक कोरं खोकं काढून काउंटरवर ठेवलं. त्याच चौकापलीकडच्या दुकानातून घेतलेली ट्यूब. "घेतली," ती म्हणाली. "पण लावली नाही."

मी तिथेच होते. मला वाटलं, आता वर्धा बाहेर पडणार. बाईंनी खोकं उलटसुलट पाहिलं. सील तसंच होतं.

"बसमध्ये किती वेळ धरून बसली होतीस?"

"बसमध्ये चढलेच नाही. स्टॉपवर तीन बस सोडल्या."

बाईंनी ते खोकं ड्रॉवरमध्ये टाकलं, ड्रॉवर पायाने लोटला आणि तिच्यासाठी चहा मागवला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यासाठी कधी चहा मागवला नव्हता.

लग्न ठरल्या तारखेलाच झालं. आग थांबली होती. डाग होते, गालांवर, हनुवटीवर, कोणालाही दिसतील असे. पार्लरवाली मेकअप थापायला निघाली होती, तर बाई तिच्या शेजारी स्टुलावर बसून राहिल्या आणि प्रत्येक हाताला "पातळ" म्हणत राहिल्या. हॉलमध्ये मुलाची आई आमच्या मागच्या रांगेत कोणाला तरी सांगत होती, ऐकू जाईल अशा आवाजात, "फोटोत गोरी होती हो."

बाई मागे वळल्या. "मग फोटो बदला," एवढं म्हणून अक्षता टाकायला उठल्या.

त्यानंतर तीनेक वर्षांनी आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला. इमारत पडणार, दुकानं जाणार. नवीन इमारतीत बाईंनी दुकान घेतलं नाही. भावाकडे वर्ध्याला जाते म्हणाल्या. आम्ही म्हटलं, अहो, तिथलं ऊन. "त्याच्याशी माझी ओळख आहे," त्या म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी मी खाली गेले तेव्हा टेम्पोत कपाटं चढत होती. जोगकाका उगीचच हमालांना सूचना देत उभे होते, आणि त्यांचे डोळे लाल होते. दुकानात काउंटर तेवढं उरलं होतं आणि मागच्या खिळ्याला ती तार. बाई ती काढायला हात वर करत होत्या, तेवढ्यात रिक्षातून प्रियांका उतरली. सहावा महिना असावा. ती चालत दुकानाशी आली आणि तिने चेहऱ्यावरचा स्कार्फ सोडला, सुती, जाड. बाईंच्या शिकवणीतला.

जुने डाग बरेच फिकटले होते. पण दोन्ही गालांवर नवीन वांग उमटलं होतं. मला माझ्या धाकट्याची वेळ आठवली.

प्रियांकाने पर्स उघडली आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. नवा, कड नुकतीच फाडलेली.

"सासूबाईंनी दिला," ती म्हणाली. "त्यांच्या भाचीने लावली म्हणे, एकदम क्लियर झाली. म्हणाल्या, येताना घेऊन ये."

बाईंचा चेहरा कठीण झाला. "पोटुशी आहेस तू. ही ट्यूब या दिवसांत हातातसुद्धा घ्यायची नाही. बाळाला..."

"माहितीये," प्रियांका म्हणाली. "म्हणून तर इथे आणला."

तिने हात पुढे केला, पण तुकडा बाईंच्या हातात दिला नाही. काउंटरला वळसा घालून आत गेली, तारेचं टोक धरलं आणि तुकडा स्वतः खुपसून खाली ओढला. तार इतकी भरली होती की तिला जोर लावावा लागला.

"सासूबाईंना काय सांगणार?" मी विचारलं.

"सांगणार, दुकान बंद झालं," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "नाही. खरं सांगणार."

तार खिळ्यावरून काढून इंगळेबाईंनी ती आपल्या कापडी पिशवीत ठेवली, पिशवीचे बंद दोनदा बांधले. गरज नसताना पुन्हा सोडून बांधले. मला त्यांच्याबद्दल काय वाटतं ते त्या क्षणी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आता इथे लिहितेय. एवढी चिवट माया मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

"बाई, बघा ना एकदा," प्रियांका म्हणाली.

दोघी बाहेर गेल्या, फुटपाथवर, टेम्पो आणि रिक्षांच्या मधे. अकराचं ऊन होतं. बाईंनी एक बोट तिच्या हनुवटीखाली धरलं, चेहरा डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

"बाळ झालं की बरंचसं जाईल."

"आणि नाही गेलं तर?"

"तर राहील," बाई म्हणाल्या. "माझं राहिलंय."

प्रियांका हसली. दोघी समोरासमोर तशाच उभ्या होत्या, दोघींच्या गालांवर सारखेच पंख. हमाल कपाट घेऊन थांबले होते, त्यांना वाट हवी होती. बाईंनी हनुवटीखालचं बोट काढलं आणि तोच हात तिच्या पाठीवर ठेवला.

"बघितलं," त्या म्हणाल्या. "चल, आता सावलीत चल."